अंथरुणावरच्या माणसाची कूस बदलताना: घरी सांभाळणाऱ्यांचे वारंवार येणारे प्रश्न

मी पुण्यात घरोघरी जाऊन रुग्णसेवा करणारी नर्स आहे. पेठेतल्या जुन्या वाड्यापासून हडपसरच्या दहाव्या मजल्यापर्यंत घरं वेगवेगळी असतात, पण रुग्णाला सांभाळणारे सगळे तेच प्रश्न विचारतात. बहुतेक वेळा रात्री उशिरा, व्हॉट्सॲपवर, सोबत पाठीचा फोटो. म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहिली आहेत. मणक्याची दुखापत किंवा खुब्याचं ऑपरेशन झालं असेल तर आधी प्रश्न १२ वाचा, बाकीचं नंतर.

१. कूस दर दोन तासांनी बदलायची असं सगळेच सांगतात. रात्रीसुद्धा उठायचं का?

सुरुवात दोन तासांनीच करायची, रात्रीसुद्धा. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते आणि तिथलं रक्त फिरायचं थांबतं. आपण झोपेतही नकळत हलत असतो. ज्याला हलता येत नाही त्याच्यासाठी ते दुसऱ्याने करावं लागतं.

पण दोन तास ही काळ्या दगडावरची रेघ नाही. खरा निकाल कातडी देते. वळवल्यावर, ज्या बाजूवर माणूस झोपला होता ती बाजू उजेडात पाहा. लाली अर्ध्या तासात पूर्ण गेली तर अंतर बरोबर आहे. रेंगाळली तर दोन तासही जास्त होताहेत, दीडावर या. कातडी बरेच दिवस निरोगी राहिली आणि गादी चांगली असली, तर डॉक्टरांना विचारून रात्रीचं अंतर तीन-चार तासांपर्यंत वाढवता येतं. सांभाळणाऱ्याची झोप रोज मोडली तर तोही आजारी पडतो, तेव्हा हे विचारायला संकोच करू नका.

पलंगाजवळ भिंतीवर एक कागद लावा: वेळ, बाजू, कोणी वळवलं. दिवसा ब्युरोच्या (रुग्णसेवक पुरवणाऱ्या संस्थेच्या) मावशी, संध्याकाळी सून, रात्री मुलगा अशी पाळी असते तिथे कागद नसला की दोघंही एकाच कुशीवर ठेवतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

२. आईच्या माकडहाडावर लालसर डाग दिसतोय. बेडसोर (दाबाने होणारी जखम) सुरू झाला का?

डागावर बोट हलकं दाबून सोडा. जागा क्षणभर फिकी पडून परत लाल झाली तर रक्त फिरतंय. वजन काढलं की डाग जाईल. दाबूनही लालच राहिली तर बेडसोरची पहिली पायरी झाली आहे, आणि डाग पूर्ण जाईपर्यंत त्या जागेवर वजन येऊ द्यायचं नाही.

आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर ही लाली पुष्कळदा दिसतच नाही. म्हणून हात लावून पाहा. आजूबाजूच्या कातडीपेक्षा ती जागा गरम, टणक किंवा पिचपिचीत लागते का? रंग काळसर-जांभळट झालाय का? रुग्णाला तिथे दुखतं का? न फुटलेल्या कातडीखालचा जांभळा डाग सगळ्यात फसवा. आतलं मांस खोलवर दुखावलेलं असू शकतं, त्यामुळे त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. फोड आला, साल निघाली, पू, वास किंवा ताप आला तरीही तेच.

रोज बघायच्या जागा: माकडहाड, टाचा, घोटे, खुबे, कोपरं, खांद्यांची हाडं, डोक्याचा मागचा भाग. कानसुद्धा. ऑक्सिजनची नळी कानामागे काचते आणि तिथे कोणी बघत नाही. डागावर हळद, तुरटी, पावडर काहीही भरू नका. चोळण्याबद्दल प्रश्न १४ पाहा.

३. घरी एकच माणूस असेल तर कूस नेमकी कशी वळवायची?

हे जरा सावकाश वाचा, कारण बहुतेक दुखापती इथेच होतात, रुग्णाच्या आणि तुमच्याही.

आधी सांगा. रुग्ण बोलत नसेल, ओळखत नसेल, तरी सांगा: "काका, आता तुम्हाला डाव्या कुशीवर वळवते हं." न सांगता हात घातला की माणूस घाबरून अंग ताठ करतो आणि वजन दुप्पट झाल्यासारखं लागतं. मग पलंगाच्या चाकांना ब्रेक लावा. उंची कमी-जास्त होत असेल तर पलंग तुमच्या कमरेपर्यंत वर घ्या. डोक्याकडची बाजू सपाट करा (नुकतं जेवण झालं असेल तर नको, प्रश्न १०). नळ्या कुठे आहेत ते बघा (प्रश्न ११).

समजा डाव्या कुशीवर वळवायचं आहे. जागच्या जागी वळवलं तर माणूस डाव्या काठावर येतो. म्हणून आधी त्याला उजव्या काठाकडे सरकवा. उजव्या बाजूला उभं राहून ड्रॉ-शीट (प्रश्न ५) आपल्याकडे ओढा, एकदम नाही, तुकड्यातुकड्याने: आधी खांदे, मग कंबर, मग पाय. उजवीकडचा कठडा वर करा, कठडा नसेल तर जड खुर्ची पलंगाला टेकवून लावा आणि मगच डाव्या बाजूला या. नेहमी ज्या बाजूला वळवणार त्या बाजूला आपण उभं राहायचं, म्हणजे पडायची भीती राहत नाही.

आता त्यांचा डावा हात अंगापासून बाजूला घ्या, नाहीतर तो अंगाखाली अडकतो. उजवा हात छातीवरून डावीकडे. उजवा गुडघा दुमडून तळवा गादीवर टेकवा. हा दुमडलेला गुडघा अर्धं काम करतो. तुमचा एक हात त्यांच्या उजव्या खांद्यामागे, दुसरा उजव्या खुब्यामागे. एक पाय पुढे, एक मागे, गुडघे थोडे वाकलेले, पाठ सरळ. "एक, दोन, तीन" म्हणा आणि वजन मागच्या पायावर घेत त्यांना आपल्याकडे वळवा. जोर पायांचा, कमरेचा नाही.

वळल्यावर पाठीमागे खांद्यापासून कमरेपर्यंत उशी लावा आणि त्यांना हळूच मागे उशीवर रेलू द्या. पूर्ण काटकोनात कुशीवर ठेवू नका, कारण सगळं वजन खुब्याच्या टोकावर येतं. साधारण ३० अंशांचा कल हवा. तो जमला की नाही ते बघायची खूण: तळहात माकडहाडाखाली घाला. हाड गादीला टेकलेलं नसावं आणि खालचा खुबाही मोकळा लागावा. मग दोन्ही गुडघ्यांमध्ये एक उशी, वरच्या हाताखाली एक उशी. खालचा खांदा किंचित पुढे ओढून घ्या. शेवटी खालचा कान दुमडला नाही ना, चादरीला सुरकुती नाही ना, डायपरची चिकटपट्टी टोचत नाही ना, हे बघा आणि विचारा, "बरं वाटतंय का असं?"

४. आमचा पलंग भिंतीला लागून आहे, जागाच नाही. एका बाजूनेच वळवलं तर?

शक्य तितकं टाळा. एका बाजूने काम करताना आपण पलंगावर ओणवं होऊन लांब हात टाकतो आणि कंबर तिथेच धरते. दोन्हीकडे एका माणसाला उभं राहता येईल इतका पलंग पुढे ओढा, मग कपाट दुसऱ्या खोलीत न्यावं लागलं तरी. अगदीच अशक्य असेल तर पलंगाचा फक्त डोक्याकडचा भाग भिंतीला लावा. दिवाण बुटका असेल तर गुडघे टेकून काम करा, वाकून नाही.

५. ड्रॉ-शीट म्हणजे कोणती चादर? विकत आणावी लागते का?

घरातली मजबूत सुती चादर आडवी दुमडून दुहेरी करा आणि खांद्यापासून मांडीच्या मध्यापर्यंत येईल अशी रुग्णाखाली घाला. पुष्कळ घरांत जुनी सुती साडी चौपदरी करून वापरतात, मऊ असते आणि पटकन वाळते. मात्र उजेडासमोर धरून बघा. विरलेली साडी ओढताना नेमकी कमरेखाली फाटते.

घालायची पद्धत अशी: रुग्णाला एका कुशीवर वळवा, अर्धी चादर गुंडाळून पाठीलगत ठेवा, दुसऱ्या कुशीवर वळवा आणि गुंडाळलेला भाग पलीकडून ओढून घ्या. सरकवण्यासाठी नायलॉनची गुळगुळीत स्लाइड शीटही सर्जिकल दुकानात मिळते. वजनदार रुग्णासाठी ती घेण्यासारखी आहे. पण काम झालं की काढून ठेवायची. अंगाखाली राहिली तर रुग्ण तिच्यावरून आपोआप घसरतो.

६. बाबा सारखे पायथ्याकडे घसरतात. वर ओढताना काखेत हात घालतो, ते बरोबर आहे का?

नाही. काखेत हात घालून ओढल्याने खांदा दुखावतो, म्हाताऱ्या माणसाचा निखळूही शकतो. शिवाय पाठीची कातडी गादीला चिकटून राहते आणि आतली हाडं वर सरकतात. या ओढाताणीत आतल्या रक्तवाहिन्या पिळवटतात. वरून काहीच दिसत नाही आणि दोन दिवसांनी माकडहाडावर जखम उमटते.

वर घ्यायला दोन माणसं हवीत. डोक्याकडची बाजू सपाट, उशी डोक्याखालून काढून पलंगाच्या फळीला उभी लावलेली, म्हणजे डोकं आपटणार नाही. दोघं दोन बाजूंना, ड्रॉ-शीट अंगाजवळ घट्ट गुंडाळून धरलेली. रुग्णाचे हात छातीवर, हनुवटी छातीकडे, जमत असेल तर गुडघे दुमडून तळवे गादीवर. एकानेच आकडे मोजायचे आणि तीनवर एकत्र सरकवायचं. ज्यांच्या पायात थोडी ताकद आहे त्यांना त्याच वेळी तळव्यांनी रेटायला सांगा. त्यांनी लावलेला थोडासा जोरही कामी येतो, आणि आपण अजून काही करू शकतो हे माणसाला जाणवतं.

मुळात घसरतात का, तेही बघा. बहुधा पाठ उंच केलेली असते आणि गुडघे सरळ असतात. फाउलर बेड (पाठ आणि गुडघे वेगवेगळे वर करता येणारा पलंग) असेल तर आधी गुडघ्यांकडचा भाग थोडा वर घ्या, मग पाठ. साध्या पलंगावर मांड्यांखाली लोड ठेवा. जेवणाची वेळ सोडून एरवी पाठ ३० अंशांपेक्षा वर ठेवू नका.

७. सासऱ्यांचं वजन ९० किलो आणि दिवसभर घरी सासूबाई एकट्या. त्यांनी काय करावं?

सासूबाईंनी एकटीने वर ओढायचं नाही, उचलायचं नाही. इथे सवलत नाही. त्यांची कंबर गेली तर घरात दोन रुग्ण होतील.

दोन माणसांची कामं, म्हणजे वर सरकवणं, चादर बदलणं, खुर्चीत बसवणं, ऑफिसला जायच्या आधी आणि आल्यावर बांधून घ्या. मधल्या वेळात त्यांनी फक्त उशांचं काम करावं: पाठीमागची उशी थोडी बाहेर ओढायची, तासाभराने परत आत सारायची, गुडघ्यांखालची बदलायची, हाताची जागा बदलायची. एवढ्यानेही वजनाची जागा बदलते. मात्र ही पूर्ण कूस बदलण्याची जागा घेत नाही, म्हणून दुपारी एकदा तरी दुसरा हात लागतोच. ब्युरोचे मामा काही तासांसाठीही मिळतात. सोसायटीतले शेजारी, विचारलं तर, रोज एका ठरलेल्या वेळी पाच मिनिटं येतात. येणाऱ्याला प्रश्न ३ आणि ६ आधी वाचायला द्या.

पलंग, एअर बेड, व्हीलचेअर लगेच विकत घेऊ नका. अनामत ठेवून रुग्णोपयोगी साहित्य वापरायला देणारे बरेच ट्रस्ट आणि मंडळं पुण्यात आहेत. रुग्णाला उचलणारं लिफ्टरचं यंत्र भाड्याने मिळतं का तेही विचारा.

८. एअर बेड आणलाय. आता कूस बदलायची गरज नाही ना?

आहे. एअर बेडचे कप्पे आळीपाळीने फुगतात, त्यामुळे दाब हलता राहतो, पण टाचा, श्वास, आखडणारे सांधे यांची काळजी तो घेत नाही. अंतर वाढवता येतं का, ते प्रश्न १ मध्ये आहे.

त्याच्यावर एकच पातळ चादर घाला. सोलापुरी चादर, गोधडी, वर मेणकापड, त्यावर दुपटं असे थर लावले की खालच्या हवेचा उपयोग संपतो. गादीवर अंथरायच्या एअर बेडची हवा पुरेशी आहे का बघायला, रुग्ण वर असताना माकडहाडाच्या खाली, एअर बेड आणि मूळ गादी यांच्यामध्ये तळहात सरकवा. हाड हाताला लागलं तर हवा कमी आहे. आणि वीज: गुरुवारी महावितरणची देखभालीची कामं असतात, वीज गेली की काही एअर बेड बसू लागतात. त्यामुळे खालची फोमची गादी काढून टाकू नका आणि वीज नसताना दोन तासांचं घड्याळ पुन्हा लावा.

मधे भोक असलेली रबरी रिंग मात्र बसायला किंवा माकडहाडाखाली वापरू नका. रिंगच्या कडेवर दाब येतो आणि मधल्या कातडीला रक्त कमी पोचतं.

९. टाचांसाठी काही वेगळं करायचं का?

हो. पोटरीखाली उशी उभी, लांबीच्या दिशेने ठेवा, म्हणजे टाचा हवेत राहतील आणि गुडघा किंचित वाकलेला राहील. टाच आणि गादी यांमधून कागद सहज सरकला पाहिजे. फक्त घोट्याखाली उशी ठेवली तर सगळं वजन त्या एका जागी येतं. पाणी भरलेले हातमोजे टाचेखाली ठेवण्याची पद्धत अजून दिसते, त्याने दाब जात नाही. मधुमेह असेल तर टाचा दिवसातून दोनदा पाहा.

१०. जेवणाआधी वळवायचं की नंतर? राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून) भरवत असू तर?

आधी. वळवणं, डायपर बदलणं, पाठ पुसणं सगळं उरकून मग भरवा. नळीने भरवताना पाठ ३० ते ४५ अंश वर, तोंडाने भरवताना शक्य तितकं सरळ बसतं करा, आणि नंतर अर्धा ते एक तास पाठ वरच ठेवा. पोट भरलेलं असताना सपाट केलं तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. मधेच शी झाली आणि वळवावंच लागलं तर नळीचं फीड बंद करा, गरजेपुरतंच खाली घ्या आणि लगेच परत वर करा. वळवल्यावर नाकाशी नळीवरची खूण जागेवर आहे ना, ते पाहा. खूण सरकली असेल किंवा खोकला लागला असेल तर पुढचं फीड देऊ नका, नर्सला बोलवा.

११. कॅथेटरची (लघवीच्या नळीची) पिशवी वळवताना कुठे ठेवायची?

ज्या बाजूला वळवणार त्या बाजूला, वळवायच्या आधी. कायम मूत्राशयाच्या पातळीच्या खाली, पण जमिनीला न टेकवता. पिशवी रुग्णाच्या पोटावर ठेवून वळवू नका, लघवी उलटी आत जाते. नळी मांडीखाली दबली किंवा पिळली नाही ना, ते शेवटी बोटाने चाचपून बघा.

१२. मणक्याला मार आहे, किंवा खुब्याचा सांधा बदललाय. तेव्हाही असंच वळवायचं?

नाही. मणका स्थिर आहे असं डॉक्टरांनी सांगेपर्यंत घरच्या घरी एकट्याने वळवायचं नाही. तेव्हा 'लॉग रोल' करतात: एक जण डोकं आणि मान धरून आकडे मोजतो, बाकीचे दोघं-तिघं खांदे, कंबर, पाय धरतात आणि मान, पाठ, कंबर एका रेषेत, एकाच वेळी वळते. डिस्चार्जच्या आधी वॉर्डमधल्या सिस्टरांसमोर तुम्ही स्वतः करून दाखवा.

मान किंवा छातीच्या वरच्या भागातला मणका जुना दुखावलेला असेल आणि रुग्णाला अचानक ठणकतं डोकं, चेहऱ्यावर लाली, घाम असं झालं, तर रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो. लगेच बसतं करा, घट्ट कपडे सैल करा, कॅथेटरची नळी दुमडली आहे का बघा, आणि मदत बोलवा.

खुब्याचं ऑपरेशन मागच्या बाजूने केलं असेल तर सहसा तीन गोष्टी टाळायच्या असतात: खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवणं, पायावर पाय टाकणं, पाऊल आत वळवणं. वळवताना दोन्ही मांड्यांमध्ये जाड उशी आधीच ठेवा. कोणत्या कुशीवर झोपवायचं ते सर्जनकडून लिहून घ्या, कारण ऑपरेशनच्या पद्धतीप्रमाणे हे बदलतं.

१३. अर्धांगवायूनंतर लुळ्या बाजूवर झोपवलं तर चालतं का?

चालतं. थोडा थोडा वेळ झोपवल्याने त्या बाजूची जाणीव जागी राहायला मदतही होते. फक्त खालचा खांदा पुढे घेतलेला हवा, त्याच्यावर थेट वजन नको. त्या बाजूला दुखलेलं कळत नाही, म्हणून वेळ कमी ठेवा आणि कातडी बघत राहा. लुळा हात धरून कधीही ओढू नका. सैल पडलेला खांदा सहज निसटतो आणि मग महिनोन् महिने ठणकतो.

१४. ब्युरोच्या मावशी स्पिरिट लावून पाठ चोळतात. आम्ही थांबवावं का?

थांबवा, पण प्रेमाने. पूर्वी असंच शिकवलं जायचं. स्पिरिटने कातडी कोरडी पडते आणि हाडावरची जागा चोळल्याने आतलं दुखणं वाढतं. कोमट पाण्याने पुसा, घासू नका, टिपून कोरडं करा, मॉइश्चरायझर हलक्या हाताने लावा. ज्यांचा डायपर ओला राहतो त्यांना झिंक ऑक्साइडचं मलम पातळ थरात. मावशींना हे सांगताना सोबत बसून करून दाखवा, नुसता फतवा काढू नका. दिवसाचे बारा तास रुग्णाजवळ त्याच असतात.

१५. वळवलं की आजी ओरडतात, "राहू द्या" म्हणतात. जबरदस्ती करायची का?

हा प्रश्न विचारताना लोकांचा आवाज दाटून येतो.

आधी दुखतंय कुठे ते शोधा. आखडलेला गुडघा, जुनं फ्रॅक्चर, पोटफुगी, भरलेला डायपर. वेदनेची गोळी चालू असेल तर ती वळवायच्या साधारण अर्धा-पाऊण तास आधी देता येईल का, डॉक्टरांना विचारा. हात गार असतील तर चोळून गरम करा. दोन टप्प्यांत वळवा, मधे थांबा. "आत्ता की दहा मिनिटांनी?" असं विचारा. एवढी निवड हातात आली तरी बरेच जण तयार होतात. स्मृतिभ्रंश असेल तर समोरून, डोळ्यांच्या पातळीवर येऊन एकच छोटं वाक्य बोला. तरी नकोच म्हणाल्या तर जबरदस्ती नको. उशी थोडी हलवा (प्रश्न ७), थोड्या वेळाने परत या.

आजार शेवटच्या टप्प्यात असेल तर हिशोब बदलतो. तिथे घड्याळापेक्षा आराम मोठा. ज्या एका कुशीवर माणूस शांत राहतो तिथे जास्त वेळ ठेवणं हा हलगर्जीपणा नाही, आणि त्यातून जखम झाली तर तो तुमचा गुन्हाही नाही. पण हा निर्णय डॉक्टरांशी आणि घरातल्या सगळ्यांशी बोलून घ्या. कॅन्सरच्या रुग्णांसाठी वारजे इथलं सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर (वेदना कमी करून आराम देणाऱ्या उपचारांचं) सेंटर १९९७ पासून विनामूल्य काम करतं. घरच्यांना काळजी कशी घ्यायची ते शिकवण्यावर तिथे भर असतो.

१६. खुर्चीत बसवलं की दोन तास निर्धास्त राहता येतं का?

उलट. बसल्यावर सगळं वजन बुडाच्या हाडांवर येतं, म्हणून दर पंधरा ते तीस मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकवा आणि तासाभरात परत झोपवा. उठवताना आधी पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून काही मिनिटं बसू द्या. एकदम उभं केलं की रक्तदाब उतरून चक्कर येते.

१७. वळवणं थांबवून लगेच मदत कधी बोलवायची?

वळवताना धाप लागली, ओठ निळसर पडले, छातीत दुखलं, शुद्ध हरपली किंवा नव्याने एक बाजू लुळी पडली तर पाठ थोडी वर करून आरामात ठेवा आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल पण श्वास चालू असेल तर कुशीवर ठेवा. श्वासच नसेल तर सपाट कडक जागेवर उताणं करून छाती दाबायला सुरुवात करा, एअर बेडची हवा सोडायची झडप उघडा. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर ती चोळू नका, आत गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा. हाड मोडल्यासारखा आवाज आला किंवा एक पाय अचानक आखूड दिसला तर आहे त्या स्थितीत ठेवा.

१०८ वर बोलताना मजला, लिफ्ट आहे की नाही, आणि जिना अरुंद असेल तर तेही सुरुवातीलाच सांगा. लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावत नसेल तर खुर्चीतून खाली आणावं लागतं आणि त्याला जास्तीचे हात लागतात. शेजाऱ्यांना तेव्हाच हाक मारून ठेवा.